वाटणारा चुकला तर

स्कार्विका, रविवार, ६ ऑक्टोबर १९६३

तालाक,

तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून हा टपालखर्च. माझ्या नव्या खोलीच्या खिडकीतून तुझं स्वयंपाकघर दिसतं. तुझी गेर्त्रूद कपबश्या विसळते आहे आणि तू टेबलाशी पाठमोरा बसला आहेस, हेही दिसतं. रस्ता ओलांडून आले तर तू दार उघडणार नाहीस. पोस्टमनला मात्र उघडावंच लागतं. सख्ख्या भावाला समोरच्या घरात तिकीट लावून पत्र पाठवणारी या गावातली पहिलीच बाई मी असेन.

आज सकाळी प्रार्थनाघरात आले तर पायपेटीला कुलूप. तिच्यासमोरच्या बाकावर मी तरुणपणापासून बसते आहे. बाबांच्या अंत्यविधीला मी वाजवलं, तुझ्या लग्नात मी वाजवलं, आणि तुला मंडळाचा प्रमुख केलं त्या दिवशी भावनेच्या भरात तुझा आवाज दोन पट्ट्या वर गेला तेव्हा तुला सांभाळून घेतलं तेही मीच. आज तुम्ही पेटीवाचून गायलात. तिसऱ्या कडव्याला अर्धी मंडळी एका सुरात होती आणि अर्धी भलत्याच. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

किल्ली तुझ्या कोटाच्या खिशात होती. प्रार्थना चालू असताना तू खिशातून हात काढत नव्हतास, त्यावरून कळलं.

माझा गुन्हा तू सगळ्यांपुढे सांगितलास, पण निम्मा गाळलास. म्हणून पूर्ण लिहिते. मी ऑस्लोला जाऊन टेलिव्हिजनवर प्रश्नांची उत्तरं देते. दर शुक्रवारी एक प्रश्न. त्याआधी सूत्रधार विचारतो, ‘थांबता की दुप्पट?’ थांबलं तर हातातले पैसे घेऊन घरी यायचं. दुप्पट म्हटलं आणि उत्तर बरोबर आलं तर पैसे दुप्पट. चुकलं तर होतं नव्हतं तेही गेलं. परवा मी दुप्पट म्हणाले. आता माझे अडीच हजार क्रोनर झाले आहेत.

आणि विषय? पत्त्यांचे खेळ. हा शब्द तू असा उच्चारलास की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी रुमाल नाकाला लावले. बाबांना दिलेला शब्द मी मोडला, असं तू म्हणालास. तालाक, मी मोडलेला नाही. पत्ता हातात धरणार नाही, असा माझा शब्द होता आणि आजपर्यंत मी तो धरलेला नाही. मी फक्त वाचलं. मेलेल्या एका कप्तानानं आपल्या वाचनालयाला पेटीभर पुस्तकं दिली होती, सगळी पत्त्यांच्या नियमांची. ती कुणी नेत नव्हतं. मी ग्रंथपाल आहे. मी न वाचलेलं पुस्तक लोकांना देत नाही.

परवाचा प्रश्न सोपा होता: इंग्रजी पत्त्यांत कुठल्या राजाला मिशी नाही? बदामच्या. सोरेन लुंदेन सांगत होता, त्याच्या रेडिओच्या दुकानापुढे त्या वेळी मोठी गर्दी होती. ‘ओलाऊग, तुमच्या प्रार्थनाघरातली अर्धी माणसं काचेला नाक लावून टेलिव्हिजन बघत होती! तेरकेलला विचारलं तर म्हणे, इस्त्री बघायला आलोय. पाऊण तास इस्त्री बघत होता बेटा!’ तूही होतास म्हणे, मागे, लाकडाच्या वखारीच्या सावलीत. तुला काय घ्यायचं होतं?

ओलाऊग

स्कार्विका, रविवार, १३ ऑक्टोबर

तालाक,

पाच हजार झाले. हे तुला माहीत आहे, कारण परवा पुन्हा तू वखारीपाशी होतास. प्रश्न एका जुन्या स्पॅनिश डावाचा होता. त्यात हुकूम कुठलाही असो, सगळ्यांत वरचा पत्ता एकच: इस्पिकचा एक्का. मी सूत्रधाराचा प्रश्न संपायच्या आत सांगितलं, म्हणून तो जरा रागावला. एस्किल ब्रात त्याचं नाव. दात फार पांढरे आहेत.

काल तुझी माणसं मला भेटून गेली. तू स्वतः आला नाहीस. तेरकेल आणि आस्लाक दोघं जिन्यात बूट काढून, टोप्या हातात घेऊन आले. माझ्या घरमालकीण आब्राहमसेनबाईंनी कॉफी आणि वॅफल दिले. दोघांनी आधी तीन तीन वॅफल संपवले. मग तेरकेल म्हणाला,

“भगिनी ओलाऊग, आम्ही नीट विचार केलाय. उत्तर देणं हे काही पाप नाही.”

“बरं झालं. माझी झोप उडाली होती.”

“पण दुप्पट म्हणणं हा जुगार आहे.”

“आणि तू डिझेल जाळून मॅकरेलमागे समुद्रात जातोस, तो मिळेल की नाही हे ठाऊक नसताना, ते काय?”

“ते कष्ट आहेत!”

“मग मला काय हे झोपेत पाठ झालं?”

आस्लाकनं कप खाली ठेवला. तो एकदम म्हणाला, “अगं, पण दुप्पट म्हणताना तू हसलीस! मी स्वतः पाहिलं.”

“कुठे पाहिलंस?”

“काचेतून.”

“तूही इस्त्री घेणार आहेस का?”

त्यावर तो लाल झाला. बिचारा मनानं वाईट नाही. मग तुझा निरोप त्यांनी सांगितला. शुक्रवारी मी ‘थांबते’ म्हणायचं आणि पाच हजार घ्यायचे. त्या रविवारी किल्ली परत, पेटी परत, वरची खोली परत. दुप्पट म्हणाले तर मी तुमच्यातली नाही, आणि पेटीवर आस्लाकची मुलगी बसेल. तिला दोनच स्तोत्रं येतात, पण तिनं इस्पिकचं नाव घेतलेलं नाही. निघताना तेरकेल छताकडे बघत म्हणाला, “थांबलीस, तर प्रार्थनाघराच्या छपराचंही काहीतरी बघायला हवं, नाही का?” म्हणजे पाच हजारांपर्यंतचा जुगार छपराला चालतो.

आता मी तुला सांगते की मी का थांबणार नाही. हे तेरकेलला सांगितलं नाही, कारण ते त्याच्यासाठी नाही.

खाडीच्या तोंडावरचं, जहाजांना वाट दाखवणाऱ्या वाटाड्याचं जुनं घर गुनवाल विकतो आहे. दोन खोल्या, एक चूल, आणि येणारं-जाणारं प्रत्येक जहाज दिसेल अशी खिडकी. त्याला नऊ हजार हवेत. पाच हजारांत अर्धं घर येतं, आणि अर्ध्या घरात मी कशी राहू? आयुष्यभर मी ‘तालाकच्या माडीवरची ओलाऊग’ होते. बाबांचं घर तुला मिळालं, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पण पहिल्यांदा ऑस्लोला निघाले तेव्हा तू जिन्याखाली उभा राहून म्हणालास, “या छपराखालून त्या कामासाठी गेलीस, तर परत येऊ नकोस.” छप्पर तुझं, म्हणून तू ते म्हणू शकलास. मी उलट उत्तर देऊ शकले नाही. तुला ठाऊक आहे, उलट उत्तर न देणं मला किती जड जातं.

मला असं घर हवं आहे जिथून मला कुणी जा म्हणू शकणार नाही. एवढंच. शुक्रवारी मी दुप्पट म्हणणार, आणि हसून म्हणणार.

ओलाऊग

ऑस्लो, शुक्रवार, १८ ऑक्टोबर, दुपार

तालाक,

संध्याकाळला अजून वेळ आहे. वसतिगृहाच्या खोलीत बसून लिहिते आहे. दोन पोशाख आणले होते. करड्यात मी तुझ्यासारखी दिसते, म्हणून निळा घातला.

सकाळी कार्यक्रमाची एक तरुण मुलगी माहिती लिहून घ्यायला आली होती. तिनं विचारलं, “तुम्ही लहानपणापासून पत्ते खेळता का?”

“मी कधीच पत्ते खेळले नाही.”

तिच्या हातातली पेन्सिल पडली. मी तिला घर सांगितलं, प्रार्थनाघर सांगितलं, बाबा सांगितले. तिनं सगळं भराभर लिहून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे एकदाही नाही?”

मी म्हणाले, “एकदाही नाही.”

हे तसं खरंच आहे. तू स्वतःच निवाडा दिला होतास, तेरा वर्षांचा असताना: “हे पत्ते नाहीत. ही मिशनची चित्रं आहेत.”

आठवतं? दर आठवड्याच्या दानाला मिशनकडून एक चित्र मिळायचं. वर्षाला बावन्न. तीन तीन महिन्यांनी कडेचा रंग बदलायचा, हिरवा, लाल, निळा, पिवळा, आणि प्रत्येक रंगात एक ते तेरा आकडे. वर्षानुवर्षं अख्ख्या गावाच्या कपाटात ती चित्रं पडून होती, आणि ती काय आहेत हे एकट्या तुला दिसलं. तू धक्क्यावर खलाशांच्या मागे उभा राहून डाव बघत असायचास ना, त्यामुळे. तेरावर मिशनरीसाहेब, म्हणून तो राजा. बारावर त्यांची बायको, ती राणी. अकरावर मिशनचं गाढव, तो गुलाम. आणि एकावर ताडाचं झाड, तो एक्का. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी इतकी हसले की तू माझ्या तोंडावर हात दाबलास.

शनिवारी बाबा प्रार्थनाघर झाडायचे, शेगडी पेटवायचे, आणि आपण पेटीच्या मागे जमिनीवर व्हिस्ट खेळायचो. चौघांचा डाव. तू, मी, माझी बाहुली आणि उंदरांसाठी ठेवलेली ती पिवळी मांजर. बाहुली तुझी भिडू आणि मांजर माझी. बाहुलीचा हात तू खेळायचास आणि मांजरीचा मी. बहुतेक वेळा तूच वाटायचास. वाटताना तुझ्या हातून चुका फार व्हायच्या. मग सगळे पत्ते गोळा करून तू पुन्हा वाटायचास. पुढे मंडळाचा हिशेब तुझ्याकडे दिला तेव्हा मला ते आठवलं होतं, पण मी काही बोलले नाही.

ती चित्रं अजून तिथेच आहेत. पेटीच्या पायफळीमागे, तू लपवलीस तिथे. इतकी वर्षं मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर पाय मारत स्तोत्रं वाजवली. तुझ्याकडच्या त्या किल्लीनं तू काय काय कुलूपबंद केलं आहेस, याचा कधी विचार केलास का?

मी तयार आहे. प्रवासात सगळी अवघड प्रकरणं पुन्हा वाचून काढली. व्हिस्टचं तेवढं उघडलं नाही. ते कधीच उघडलं नव्हतं. घरच्या पावाची कृती कुणी पुस्तकात वाचतं का?

तू आज वखारीपाशी उभा राहणार असशील तर टोपी कानावर ओढून घे. वारा आहे, असं रेडिओ सांगतो आहे.

ओलाऊग

स्कार्विका, रविवार, २० ऑक्टोबर

तालाक,

तर मी हरले. अख्ख्या देशानं पाहिलं, तूही पाहिलंस, तरी मी माझ्या हातानं एकदा लिहिते: हरले. पाच हजार गेले, वाटाड्याचं घर गेलं, आणि तुझ्या निरोपाप्रमाणे मी तुमच्यातलीही राहिले नाही.

काचेतून तुला काय ऐकू आलं असेल ते ठाऊक नाही. सोरेन आवाज रस्त्यावर ऐकू यावा म्हणून दार उघडं ठेवतो, पण पुढे आस्लाक उभा असला की कुणाला काही ऐकू येत नाही. म्हणून सांगते.

ब्रातनं विचारलं, “थांबता की दुप्पट?” मी म्हणाले, “दुप्पट.” ठरवल्याप्रमाणे हसले. मग मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते जड यंत्र चढवलं. प्रश्नाचे तीन भाग होते. पहिला, तारोच्या जुडीत पत्ते किती? अठ्ठ्याहत्तर. दुसरा एका जर्मन डावाचा होता. तोही आला. मग ब्रातनं तिसरं पाकीट फोडलं. तो स्वतःच हसला, इतकं ते सोपं होतं.

“व्हिस्टच्या जुन्या, छापील नियमांप्रमाणे, वाटणारा पत्ते वाटताना चुकला, तर पुन्हा कोणी वाटायचं?”

मला क्षणभरही लागला नाही. मला वाटाड्याच्या घराची खिडकी दिसली. पडदे कुठल्या रंगाचे लावायचे इथपर्यंत मी पोचले होते. मी म्हणाले, “त्यानंच. वाटणारा चुकला, तर त्यानंच पुन्हा वाटायचं.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ब्रात परीक्षकांकडे बघू लागला. तिथे क्लबातला एक म्हातारा कर्नल बसला होता. तो उभा राहिला आणि फार वाईट वाटून म्हणाला, “नाही हो बाई. चुकला तर त्याची वाटणी जाते, पुढच्याकडे. शेवटचा पत्ता वाटणाऱ्याचा आणि तोच हुकूम. त्यालाच पुन्हा वाटू दिलं, तर आवडीचा हुकूम निघेपर्यंत तो चुकतच राहील!”

लोक हसले. आणि तालाक, त्या हशात मला आपली पेटीमागची जमीन दिसली. शेवटचं चित्र उलटायचं, ते तुला आवडायचं नाही, आणि तू कपाळावर हात मारायचास: “अरेरे, बाहुलीला एक जास्त गेलं! वाटणारा चुकला, तर त्यानंच पुन्हा वाटायचं, ओलाऊग. नियम आहे.” आणि मी आठ वर्षांची, मान डोलावून माझी तेरा चित्रं परत द्यायची. एकदा माझ्या हातात तीन ताडाची झाडं होती. तीन एक्के! तीही दिली. तू म्हणालास, नियम आहे.

मी हसायला लागले. ते तू पाहिलंच असशील. हातचं सगळं गेलेली बाई काचेच्या खोलीत खो खो हसते आहे. ब्रातला वाटलं, मला धक्का बसला. त्यानं पाण्याचा ग्लास दिला आणि सगळ्या देशासमोर विचारलं, “हा नियम तुम्हाला सांगितला कोणी?”

तुझं नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं. पत्त्यासकट.

मी म्हणाले, “कोणी नाही. माझ्या डोक्यात तसंच होतं.”

हरलेल्यांना ते भेट देतात. मला चामड्याच्या पाकिटात पत्त्यांची नवी कोरी जुडी दिली, वर लाल फीत. ती मी अजून उघडलेली नाही. बाबांना दिलेला शब्द शाबूत आहे. तेवढं मंडळाला कळव.

ओलाऊग

स्कार्विका, रविवार, २७ ऑक्टोबर

तालाक,

तुझी माणसं पुन्हा येऊन गेली. या वेळी बूट काढताना हसत होती. आब्राहमसेनबाईंनी वॅफल दिले नाहीत, मी नको म्हणाले होते.

“भगिनी ओलाऊग,” तेरकेल म्हणाला, “देवानंच तुला थांबवलं. तू हरलीस, झालं गेलं सगळं संपलं. आता मंडळी तुला परत घ्यायला तयार आहेत.”

“आणि जिंकले असते तर?”

“तर…” तो आस्लाककडे बघू लागला. “तर वेगळं बघावं लागलं असतं.”

“छपराकडे?”

“तू ना, ओलाऊग! फक्त रविवारी उभी राहा आणि दोन शब्द बोल. पश्चात्ताप झाला म्हण. पुन्हा दुप्पट म्हणणार नाही म्हण. लगेच पेटीवर बस.”

मी त्यांना जे सांगितलं ते तुलाही सांगते, कारण त्यांनी ते सौम्य करून सांगितलं असेल. मला पश्चात्ताप झालेला नाही. ब्रात आत्ता या खोलीत येऊन विचारेल तर मी आत्ताही दुप्पट म्हणेन. जिंकले असते तर मी जुगारी, आणि हरले म्हणून हरवलेलं मेंढरू? हरण्याबद्दल मला क्षमा नको आहे. हरणं हा माझा अपराध नाही. तो कुणाचा आहे, हे मला आणि तुला माहीत आहे. आस्लाक जाता जाता माझ्या कानात म्हणाला, “पोरीला दोनच स्तोत्रं येतात गं, लोक कंटाळलेत.” या सगळ्यात खरं बोलणारा तो एकटाच.

गुनवालनं घर शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरला विकलं. तो उन्हाळ्यात पंधरा दिवस येऊन राहणार आहे. हे ऐकून मी रडले. बराच वेळ रडले. तेही लिहून ठेवते, म्हणजे मी दगड आहे असं तुला वाटायला नको. मग डोळे पुसून आब्राहमसेनबाईंशी बोलले. ही माडी मी कायमची भाड्यानं घेतली आहे. दाराला आतून कडी आहे. घर नाही, पण ‘तालाकच्या माडीवर’ मी परत येणार नाही, किल्ली दिलीस तरी.

आता खरी गोष्ट. तुझी बायको गेर्त्रूद काल मागच्या जिन्यानं आली होती. पावाची लादी घेऊन आली होती, तुला न सांगता. तिला रागावू नकोस. मी तिला विचारलं, त्या शुक्रवारी दुकानापुढे काय झालं. ती साधेपणानं म्हणाली, “तू उत्तर दिलंस आणि सगळे आनंदानं ओरडले. सगळ्यांना वाटलं, बरोबर आलं. एकट्या तालाकनं टोपी काढली. तोंड पांढरंफटक. आणि तो दाढीवाला म्हातारा बोलायला उभा राहायच्या आधीच घराकडे चालायला लागला.”

आधीच, तालाक.

तिला यातलं काही कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. पण मी त्यानंतर खिडकीशी बसून राहिले. इतके दिवस मी तुला सूट देत होते. म्हणत होते, तोही पोरच होता, खलाशांकडून अर्धवट ऐकलं असेल, त्यालाही तोच नियम वाटत असेल. नाही! तुला खरा नियम माहीत होता. तेव्हाही होता आणि त्या शुक्रवारीही होता. गावातल्या सगळ्या माणसांत तुला एकट्याला कळलं की मी चुकले, आणि का चुकले.

घाबरू नकोस. मी कुणाला सांगणार नाही. तुला वाचवायला म्हणून नाही. तुझ्यावर मी इतकी चिडले आहे की काल तुझ्या खिडकीत दिवा लागला तेव्हा मी पडदा ओढून घेतला. मी सांगणार नाही, कारण तेरकेल आणि आस्लाक त्यावर प्रार्थना करतील, आणि मला ते शनिवार कुणाच्या प्रार्थनेत द्यायचे नाहीत. आई गेल्यानंतरच्या त्या हिवाळ्यात बाबा बोलायचे नाहीत, आणि तू मला पेटीमागे नेऊन हसवलंस. मांजरीला भिडू केलंस. लबाड होतास, पण माझ्याशी खेळणारा तू एकटाच होतास. मला तू हवा होतास, तालाक. अजून हवा आहेस. हे मी एकदाच लिहिणार आहे.

तेव्हा ऐक. मी रविवारी उभी राहणार नाही, दोन शब्द बोलणार नाही. मी येईन आणि माझ्या बाकावर बसेन. पेटी उघडी असली तर वाजवीन. कुलूप असलं तर तशीच बसून राहीन, तुझ्याकडे तोंड करून, तुझं प्रवचन संपेपर्यंत. तुझी प्रवचनं किती लांब असतात ते तुला माहीत आहे.

आणि मला एक डाव हवा आहे. खऱ्या नियमांनी.

ओलाऊग

स्कार्विका, गुरुवार, ३१ ऑक्टोबर

तालाक,

आज पोस्टमन तुझं पाकीट घेऊन आला आणि दारात उभा राहून म्हणाला, “तुम्ही दोघं वेडे आहात का? मी तिकडून निघून इकडे यायला रस्ता ओलांडला फक्त!” मी त्याला कॉफी दिली.

आत चिठ्ठी नव्हती. मला वाटलंच होतं, तुला लिहिणं कधी जमलं नाही. किल्ली होती, आणि हिरव्या कडेचं ताडाचं झाड. एका कोपऱ्याला मांजरीनं चावलं होतं तेच. म्हणजे तू पायफळीमागे हात घातलास. तुझ्या गुडघ्यांना त्रास झाला असेल, पण मला वाईट वाटलं नाही.

पाकीट मी तीनदा उपडं करून झटकलं. तू एकच पत्ता पाठवलास. माझ्याकडून तीन परत घेतले होतेस, तिन्ही ताडाचेच, ते विसरू नकोस.

रविवारी वाजवीन. पहिलं स्तोत्र खालच्या पट्टीत धरते, म्हणजे तुझा आवाज फाटणार नाही. पण त्याआधी शनिवारी तू इथे ये. पुढच्या दारानं ये, टोपी काढून, आणि उरलेली एक्कावन्न चित्रं घेऊन ये. आब्राहमसेनबाईंची मांजर माझी भिडू. बाहुलीच्या जागी गेर्त्रूदला बसव, तिला काही येत नाही, शिकेल. मात्र नियम तिला मी शिकवीन.

तू माझ्या डाव्या हाताला बसायचंस, वाटणाऱ्याच्या डावीकडचाच पहिला पत्ता टाकतो. वाटणार मी. चुकले, तर माझी वाटणी जाईल आणि मी हूं की चूं करणार नाही. पण मी चुकणार नाही, तालाक.

तेव्हा उतारी तुझी.

ओलाऊग